पदवीप्रदान समारंभाला स्वयंसेवक म्हणून नाव दिलंय, नेमकं काय काम असतं?

भाट्याची मुलगी

नमस्कार. मी रत्नागिरीत एस. वाय. बी. कॉम.ला आहे. आमच्या कॉलेजचा पदवीप्रदान समारंभ पुढच्या महिन्यात आहे. एनएसएसमधून (राष्ट्रीय सेवा योजना) स्वयंसेवकांची नावं मागितली, तेव्हा मी माझं दिलं. सरांनी मला मंचाच्या पायऱ्यांपाशी, निवेदकाच्या जवळ उभं राहायला सांगितलंय. बाकीच्यांना गाऊन वाटप, पार्किंग, पालकांना बसवणं अशी कामं आहेत.

अडचण अशी की मी असा समारंभ कधी बघितलेलाच नाही. आमच्या घरात अजून कोणी पदवीधर नाही. बाबा मिरकरवाड्याला बोटीवर असतात, दादा बारावीनंतर कामाला लागला. यूट्यूबवर मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ बघितला तर तिथे मिरवणूक, राज्यपाल, झगे घातलेली मोठमोठी माणसं. कॉलेजात पण तसंच असतं का?

मैत्रिणी म्हणतात, खुर्च्या मांडायला आणि बुके धरायला बोलावतात, कशाला जातेस? मला मात्र जायचंय. काय तयारी करून जाऊ? उभं राहून नेमकं बघायचं काय? आणि हे तास एनएसएसमध्ये धरतात का?

परीक्षा विभाग, निवृत्त

मुली, जा. नक्की जा. मी कोकणातल्या एका संलग्न कॉलेजात परीक्षा विभागात होते, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. या समारंभाची तयारी दरवर्षी आमच्याच टेबलावर व्हायची, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू यूट्यूबवर बघितलास तो विद्यापीठाचा मुख्य समारंभ. फोर्टच्या सर कावसजी जहांगीर सभागृहात होतो. राज्यपाल हेच कुलपती असतात, ते किंवा त्यांच्या वतीने कोणीतरी अध्यक्ष असतं, अधिष्ठाते आपापल्या विद्याशाखेचे स्नातक सादर करतात, पीएच.डी. आणि पदकवाल्यांना मंचावर बोलावतात. बाकीच्यांच्या पदव्या गठ्ठ्यांनी संलग्न कॉलेजांकडे येतात आणि कॉलेजं त्या आपल्या सभागृहात देतात. तुमचा समारंभ हा असा. छोटी मिरवणूक असते, प्राचार्य, एक पाहुणे, राष्ट्रगीत, राज्यगीत, विद्यापीठगीत. पण याला दुय्यम समजू नकोस. लांज्याची, राजापूरची, देवरुखची आजी नातवाची पदवी बघायला रात्रभर गाडीत बसून मुंबईला जाणार आहे का? तिच्यासाठी पदवीप्रदान म्हणजे हाच दिवस. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. १८६२ साली झाले. त्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, जन्म मालवणचा, शाळा रत्नागिरीची. पुढे ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आपल्या किनाऱ्याचं या पदवीशी नातं इतकं जुनं आहे, पण घरच्यांनी ती समोर बसून बघावी ही सोय अलीकडची. ती नीट व्हायला हवी.

आता तुझ्या जागेबद्दल. पायऱ्यांपाशी, निवेदकाजवळ. माझ्या मते सगळ्या समारंभात याहून महत्त्वाची जागा नाही, कारण नावं तिथून पुढे जातात.

विद्यापीठाची यादी इंग्रजी मोठ्या लिपीत येते, आडनाव आधी. त्यात बने आणि बाणे एकसारखेच दिसतात. गोळे आणि गोले, काळे आणि काले, तेच. मयेकरांचं मायेकर होतं. म्हाद्ये, शेट्ये, झोरे, घाडी ही आपल्याला रोजची आडनावं, पण बाहेरचा निवेदक पहिल्यांदा वाचताना अडखळतोच. मुस्लिम मुलींच्या नावांचं तर फार वाईट करतात. झैनबचं जैनाब होतं आणि ती बिचारी कसनुसं हसत पायऱ्या चढते. एके वर्षी बाहेरून बोलावलेल्या निवेदकाने एका मुलाचं आडनाव असं काही वाचलं की मुलगा जागचा उठलाच नाही. त्याला वाटलं दुसऱ्याच कोणाला बोलावतायत. मागे त्याची आई शेजारणीला विचारत होती, "आमच्या गावचं अजून कोण आहे काय गो यांच्यात?" तिने मुलाचं नाव असं चारचौघांत कधीच ऐकलेलं नव्हतं. आयुष्यात एकदा माइकवरून ऐकायचं, तर ते असं.

त्यानंतर आमच्याकडे स्लिपा सुरू झाल्या. नाव नोंदवायच्या टेबलावर प्रत्येक स्नातकाला एक स्लिप द्यायची. त्यावर त्याने स्वतःच्या हाताने, देवनागरीत, ठळक अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहायचं आणि तिथल्या मुलीला एकदा मोठ्याने वाचून दाखवायचं. नाव अवघड असेल तर ती मुलगी खाली पेन्सिलीने फोड करून ठेवते. स्नातक ती स्लिप हातात घेऊन रांगेत उभा राहतो, पायऱ्यांपाशी तू ती बघतेस, त्याला हळू विचारतेस, "असंच ना?", आणि निवेदकाच्या हातात देतेस. निवेदक यादी बाजूला ठेवतो आणि फक्त स्लिप वाचतो. कोणी आलाच नाही, कोणी उशिरा पोचला, तरी क्रम बिघडत नाही, कारण जो समोर उभा आहे त्याचंच नाव हातात आहे.

याचा दुसरा फायदा आम्हाला नंतर कळला. पालकांच्या गाड्या. पूर्णगडकडची, जैतापूरकडची माणसं शेवटच्या एसटीच्या हिशोबाने आलेली असतात. भाषणं लांबली की चार-पाच घरं मुलाचं नाव यायच्या आत उठतात. डोळ्यांदेखत उठून जातात, कोणाला काही बोलत नाहीत. स्लिपांमुळे रांग पुढे-मागे करता येते. दारावरच्या मुलांनी पालकांना आल्या आल्या एवढंच विचारायचं, "परत जायची गाडी किती वाजताची?" ज्याची गाडी लवकर, त्याचा मुलगा रांगेत पुढे. प्राचार्यांना आधी सांगून ठेवलं की कोणी हरकत घेत नाही.

मंचावर मूळ प्रमाणपत्र देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. मंचावर फाइल द्यावी, आणि मूळ कागद खाली काउंटरवर, ओळखपत्र बघून, रजिस्टरवर सही घेऊन. एकाचा कागद दुसऱ्याच्या हातात गेला आणि तो खेडच्या गाडीत बसून गेला की पुढचे दोन महिने फोन करत बसावं लागतं. काउंटरवर असशील तर सहीआधी प्रत्येकाला कागद वाचायला लाव. स्वतःचं नाव, वडिलांचं, आईचं, विषय, श्रेणी, परीक्षेचा महिना आणि वर्ष. चूक त्याच दिवशी सांगितली तर कॉलेज एकत्र पत्र पाठवतं आणि काम होतं. दोन वर्षांनी नोकरीच्या वेळी लक्षात आलं तर मुलाला स्वतः मुंबईला खेपा घालाव्या लागतात.

आणि एक गोष्ट जोरात सांग: लॅमिनेशन करू नका. आनंदाच्या भरात त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन प्लॅस्टिक चढवतात. आपल्याकडची कितीतरी मुलं पुढे आखातात जातात, तिथे पदवीचं साक्षांकन लागतं, आणि प्लॅस्टिकवर शिक्का कुठे मारणार? चांगल्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवायचं, बस.

गाऊनबद्दल थोडं. भाड्याचे गाऊन येतात, कापड पॉलिस्टरचं, आणि आपल्या हवेत घामाने जीव नकोसा होतो. आत सुती कपडे घाला असं आधीच ग्रुपवर टाकायला सांग. गाऊनवरून गळ्यात घालून पाठीवर सोडतात तो हूड, त्याच्या पुढच्या टोकाला एक नाडी असते, ती शर्टाच्या बटणात अडकवायची असते, हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून हूड मागे सरकून गळ्याला येतो. साडीला बटण नाही, तिथे सेफ्टी पिनच हवी. पिनांचे दोन पत्ते खिशात ठेव. स्कार्फ बांधणाऱ्या मुलींना टोपी नीट बसवायला आरसा आणि आडोसा लागतो, पुरुषांच्या गर्दीत टेबलापाशी ते होत नाही. एखादा वर्ग रिकामा करून घ्या.

तू स्वतः सपाट चप्पल घाल आणि सकाळी नीट खाऊन जा. पहिला चहा मिळेपर्यंत दुपार होते.

शिरगाव ते दापोली

वरच्या ताईंनी फार मोलाचं लिहिलंय. मी रत्नागिरीच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले, म्हणजे पदवी दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची. दुसऱ्या वर्षाला असताना मी दीक्षान्त समारंभाला मदतीला गेले होते. तिथला प्रकार वेगळा. कुलपती राज्यपाल, प्रतिकुलपती कृषिमंत्री, त्यामुळे बंदोबस्त असतो आणि सगळ्यांना पाहुणे यायच्या कितीतरी आधी जागेवर बसवतात. एकदा मिरवणूक आत आली की कोणी हलायचं नाही.

म्हणून माझं काम पालकांच्या बाजूला होतं. खेड स्टेशनला उतरून, तिथून घाट चढून माणसं आलेली, पहाटेपासून प्रवासात. त्यांना दारातच सांगायचं, पाणी पिऊन घ्या, स्वच्छतागृहाला जाऊन या, नंतर दीड-दोन तास उठता येणार नाही. म्हाताऱ्या बायका लाजेने विचारत नाहीत. आपण मुलींनी आपणहून घेऊन जायचं.

आमच्या इथे प्रत्येकाला मंचावर बोलावत नव्हते. अधिष्ठाता उभे राहून आपल्या शाखेचे विद्यार्थी सादर करतात, ती सगळी मुलं जागेवर एकत्र उभी राहतात, त्यांना पदवी दिल्याचं जाहीर होतं, मुलं बसतात. मिनिटभरात झालं! मागे बसलेल्या पालकांना कळतच नाही की आपल्या मुलाला पदवी मिळाली. ते शेवटपर्यंत त्याचं नाव येईल म्हणून वाट बघत असतात. मला हे पहिल्या शाखेच्या वेळी लक्षात आलं, मग मी रांगेच्या टोकाला वाकून सांगायला लागले: "आता मत्स्यशास्त्राची मुलं उभी राहतील, तुमचा मुलगा त्यात आहे, हीच पदवी, नीट बघून घ्या." एक आजोबा होते, हर्णै बाजूचे, पांढरी टोपी. मुलं उभी राहिली तसे तेही उभे राहिले. मागून कोणीतरी "ओ, बसा" म्हणालं. मी त्या माणसाला हात केला, राहू देत. मुलं बसली तेव्हा आजोबा बसले.

तू मंचाजवळ आहेस, पण ज्या मैत्रिणीला पालकांची बाजू मिळालीय तिला हे सांग. कार्यक्रमाचा क्रम स्वयंसेवकांच्या खिशात हवा. पाहुण्यांच्या हातात तर असतोच.

एनएसएसचं म्हणशील तर वर्षाला १२० तास भरायचे असतात, आणि कोणतं काम त्यात धरायचं ते तुमचे कार्यक्रम अधिकारी ठरवतात. आमच्याकडे तालमीचा दिवसही धरला होता. डायरीत त्याच दिवशी वेळ लिहून सही घे, महिन्याने कोणाला आठवत नाही.

कुडाळचा बाप

मी पालक म्हणून लिहितोय. गेल्या साली माझ्या मुलीला बी. एस्सी. मिळाली. मी, बायको आणि माझी आई, तिघं गेलो होतो.

परीक्षा विभागाच्या बाईंचं बाकी सगळं पटलं, फक्त रिकाम्या फाइलचं नाही. मुलगी मंचावरून खाली आली, फाइल आजीच्या हातात दिली. आईने उघडून बघितली आणि म्हणाली, "ह्यात कागद खंय आसा?" मुलगी समजावत होती की आजी, तो नंतर मिळतो. पण आईचा चेहरा पडला तो पडला. तिला वाटलं पोरीची फी राहिलीय की काय, म्हणून कागद अडवलाय. तिच्या काळात फीसाठी कागद अडवलेले तिने बघितलेत. काउंटरवर रांग मोठी होती, कागद हातात येईपर्यंत ती गप्पच होती. माझं म्हणणं, कागद मंचावरच द्या, खऱ्या माणसाला खरा कागद. नाव स्लिपवर असतं तसा कागदही क्रमाने लावता येईल की.

दुसरं फोटोचं. ठेक्याचा फोटोग्राफर असतो, त्याच्याकडून फोटो मागाहून विकत घ्यायचा. पालक मोबाइल घेऊन पुढे आले की स्वयंसेवक मुलं ओरडतात. गर्दी होते हे मलाही कळतं. पण आमच्या वेळी एक मुलगा होता, त्याने मंचाच्या डाव्या बाजूला दोरी लावून दोन माणसं मावतील एवढी जागा केली होती. ज्याच्या मुलाचं नाव पुढचं, त्याला तो तिथे आणून उभा करायचा, फोटो झाला की बाजूला. माझे हात थरथरत होते, तर त्याने माझा मोबाइल घेऊन स्वतः फोटो काढला. तो फोटो आज आमच्या ओटीवर लावलाय. त्या मुलाचं नाव विचारायचं राहून गेलं, पण त्याचं भलं होवो.

भाट्याच्या बाये, खुर्च्या मांडायला लागल्या तरी मांड. आमच्यासारख्यांना त्या दिवशी तिथलं कोणी ओळखीचं नसतं. छातीवर बिल्ला लावलेली मुलंच काय ती आपली वाटतात.

परीक्षा विभाग, निवृत्त

कुडाळचे दादा, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. कागद क्रमाने लावले तर एक गैरहजर निघाला की मागचे सगळे सरकतात, म्हणून मी मंचावर द्यायला अजूनही तयार नाही. पण फाइलमध्ये एक छापील चिठ्ठी घालता येईल: "आपले मूळ प्रमाणपत्र काउंटरवर तयार आहे, कोणतेही शुल्क बाकी नाही." आणि निवेदकाने सुरुवातीलाच मराठीत दोनदा सांगायचं, समोरच्या पाहुण्यांसाठी नाही, मागच्या रांगांसाठी. काउंटरही एक नको, आडनावाच्या अक्षरांप्रमाणे तीन-चार हवेत. आजी-आजोबा बरोबर असतील त्या घराला पहिलं घ्यावं. हे नोकरीत असतानाच कोणी सांगायला हवं होतं.

भाट्याची मुलगी

सगळ्यांचे खूप आभार. वाचून आईला दाखवलं. ती म्हणाली, तुझ्या वेळेला आम्ही तिघंही येणार, बाबा त्या दिवशी बोटीवर जाणार नाहीत.

आता एकच अडचण. आमच्याकडे निवेदक ठरलेले आहेत, बाहेरचेच आहेत, मोठे आहेत. मी एस. वाय.ची मुलगी, त्यांना किंवा सरांना "यादी वाचू नका, स्लिपा वाचा" असं कसं सांगू? उद्धटपणा वाटेल. परीक्षा विभागाच्या बाईंनी सांगितलं तर बरं.

परीक्षा विभाग, निवृत्त

निवेदकाकडे तू जाऊच नकोस. आधी तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे जा आणि ऑफिसातून यंदाच्या यादीची एक प्रत मागून घे. त्यातली दहा-बारा नावं अशी निवड की जी इंग्रजीत वाचून दोन प्रकारे म्हणता येतात. ती सरांनाच वाचायला दे. सर रत्नागिरीचे असले तरी दोन-तीन ठिकाणी थांबतील. तिथेच स्लिपांचं सांग, आणि छापून, कापून, वाटून मी देते असंही सांग. काम अंगावर घेऊन आलेल्या मुलीला कोणी उद्धट म्हणत नाही.

निवेदकाला सर सांगतील. त्यांनाही हे हवंच असतं, चुकीचं नाव वाचून सभागृहात कुजबुज झालेली कुठल्या निवेदकाला आवडते? फक्त तालमीला त्यांना खऱ्या स्लिपा हातात देऊन वाचायला लावा. स्लिपेचा आकार पोस्टकार्डापेक्षा लहान नको, मंचावर उजेड कमी असतो. आणि कागद जाड घ्या, पातळ कागद पंख्याच्या वाऱ्याने उडतो.

दोन वर्षांनी तू स्वतः पदवी घ्यायला जाशील, तेव्हा या जागेवर उभी राहणारी मुलगी आत्ताच एफ. वाय.मधून शोधून ठेव. तालमीला तिला बरोबर घेऊन जा.